मंडळाच्या शिलकीतून काचेची पेटी द्यावी का?

द्राक्षवाला_तासगाव:

नमस्कार मंडळी. आमचं गाव तासगाव तालुक्यात. मी गावच्या गणेश मंडळाचा खजिनदार, म्हणजे वर्षभर शिव्या खायचा मान माझा. यंदा पोरांनी डॉल्बी लावायचा नाही असं ठरवलं आणि चक्क पाळलंही. त्यामुळं साठ-पासष्ट हजार शिल्लक पडलेत. असं आमच्याकडं आजवर झालेलं नाही, त्यामुळं जो तो त्या पैशाचं काय करायचं ते मला शिकवतोय. एक गट म्हणतो वेशीला कमान बांधू, दुसरा म्हणतो कबड्डीची मॅट घेऊ.

तिसरा गट माझा. धाकट्या भावाला फेब्रुवारीत मुलगी झाली. 31वा आठवडा चालू होता. भावजयीचं बीपी एकदम वाढलं, तोंडावर सूज आली, डॉक्टर म्हणाले आता थांबता येणार नाही. पोरीचं वजन 1400 ग्रॅम. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. आता उशीच्या आधारानं बसते आणि कुणी उचलून घेतलं की पहिल्यांदा त्याचा चष्मा ओढते. (शेजारच्या आक्का म्हणतात, आठ महिने झाले तरी रांगत कशी नाही? हेही कुणी सांगितलं तर बरं.)

त्या काळात दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून बरंच बघितलं. कुणी जतचं, कुणी आटपाडीचं, सगळ्यांची तोंडं सारखीच. या बाळांसाठी काहीतरी करायचं असं तेव्हापासून डोक्यात आहे. 17 नोव्हेंबरला अशा बाळांचा जागतिक दिवस असतो असं कळलं. त्या दिवशी सरकारी दवाखान्याला मंडळाच्या नावानं काचेची पेटी द्यायची, चौकात फ्लेक्स लावायचा, जांभळी लायटिंग करायची असा बेत आहे.

एवढ्या पैशात पेटी येते का? कमी पडले तर आणखी वर्गणी काढू. दवाखाना घेतो का, कुणाला भेटायचं? आणि गावात जागृती करायची म्हणजे नेमकं सांगायचं काय? आमची आई म्हणते सातमाशी पोर जगतं पण आठमाशी जगत नाही. खरं का ते? कुणी या कामातलं असेल तर सांगा. बागेची छाटणी उरकलीय, थोडी उसंत आहे.

विटेकर_पुण्यात:

छान उपक्रम! पेटीच्या भानगडीत पडू नका, मशीन म्हटलं की कटकट आली. त्यापेक्षा लहान बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे आणि बाटल्या घेऊन वॉर्डात वाटा. गरीब लोकांची गरज भागते, फोटो पण चांगले येतात.

मिरजेची_सिस्टर:

विटेकर, हेतू चांगला आहे, पण तेवढं करू नका. दुधाची पावडर आणि बाटल्या अशा वाटणं आपल्याकडं कायद्यानं गुन्हा आहे. 1992 चा कायदा आहे, 2003 साली तो आणखी कडक केला. अनाथाश्रमाचा अपवाद सोडला तर कुणालाही हे दान देता येत नाही. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्याला आईचं दूध सोसतं. पावडरवर ठेवलेल्या बाळांमध्ये आतड्याला सूज येऊन ते कुजायचा आजार जास्त होतो, आणि तो सुरू झाला की भल्याभल्या डॉक्टरांना घाम फुटतो.

आता खजिनदार, तुमच्याकडं येते. माझी सगळी नोकरी बाळंतिणी आणि बाळांमध्ये गेली, त्यातली बरीच वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात. निवृत्त झाले, आता मिरजेत असते.

पेटी देऊ नका. सरकारी कक्षात काचेच्या पेट्यांपेक्षा वॉर्मर जास्त असतात. वर तापणारा दांडा, खाली उघडा पाळणा. लोक त्यालाही पेटीच म्हणतात. असं यंत्र दानात येतं तेव्हा हार-नारळासकट येतं. मग काही महिन्यांनी बाळाच्या पोटाला चिकटवायचा प्रोब तुटतो. वस्तू बोटभर, पण ती नसेल तर यंत्राला बाळाचं अंग गार आहे की गरम ते कळत नाही. तो आणायचा कुणी? देखभालीचा करार देणाऱ्यानं केलेला नसतो आणि दवाखान्याच्या करारात ते यंत्र नसतं. दानात आलेल्या वॉर्मरवर फायलींचे गठ्ठे रचलेले मी या डोळ्यांनी बघितलेत. कुठं ते विचारू नका.

बरं, ही पेट्यांची अडचण आपलीच आहे असंही नाही. कोलंबिया देशात बोगोटाच्या सरकारी दवाखान्यात 1978 साली हेच झालं. बाळं जास्त, पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-दोन बाळं. तिथल्या एडगर रे या डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आपण कांगारू म्हणतो. बाळाचं अंग उबदार राहतं, श्वास सुरळीत चालतो, आईला पान्हा फुटतो, आणि पेटीतल्यापेक्षा जंतूंची लागण कमी होते. आपल्याकडं आज हे जवळपास सगळ्या कक्षांत सांगतात. सांगतात, पण करायला आई तिथं टिकली पाहिजे ना!

खरी कळ इथं आहे. बाळ आत असतं आणि आईला डिस्चार्ज मिळालेला असतो. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम 2011 साली आला. त्यात बाईला साध्या बाळंतपणानंतर 3 दिवस आणि सिझेरियननंतर 7 दिवस जेवण मिळतं. 1400 ग्रॅमचं बाळ काही सात दिवसांत घरी जात नाही. पुढंही जेवण देणारे दवाखाने आहेत, न देणारेही आहेत. मग पोटावर टाके असलेली बाई व्हरांड्यात चटईवर झोपते, नवरा आणेल तो वडापाव खाते आणि दर दोन-तीन तासांनी उठून वाटीत दूध पिळून आत देते, कारण 34 आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. त्याला नळीनं नाहीतर वाटी-चमच्यानं पाजावं लागतं. आमच्या आज्यांचं बोंडलं होतं ना, तशाच चोचीची पळीसुद्धा वापरतात. अशी बाई चार दिवसांत म्हणते, सिस्टर, मी जरा घरी जाऊन येते. घरी थोरलं पोर रडत असतं, सासू एकटी असते. ती गेली की दूध आटतं, कांगारू बंद, आणि बाळाचं वजन तिथंच अडकतं.

म्हणून तुमचे पैसे आईपाशी खर्च करा. मागं रेलता येईल अशा खुर्च्या. तासन्‌तास बाळ छातीवर घेऊन ताठ बसून बघा एकदा, म्हणजे कळेल. समोरून उघडणारे सुती गाऊन. बाळ बांधायचे पट्टे. आणि आडोसा! चाकाचे पडदे घ्या चांगले चार-पाच. वॉर्डात औषधं घेऊन पोऱ्या येतो, लाईटवाला येतो, आणि आपण त्या पोरीला म्हणतो ब्लाऊज काढून बस. कशी बसेल? मी विचारलेल्या निम्म्या बायकांची अडचण तेवढीच होती. उरलेल्या पैशात जवळच्या खानावळीशी बोलून आयांना दोन वेळचं जेवण: भाकरी, पालेभाजी, डाळ. बाळंतिणीला सोसेल असं, लाल तिखटाचा कट नको.

देताना परस्पर देऊ नका. आधी कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरला भेटून काय कमी आहे ते विचारा, मग जिल्हा शल्यचिकित्सक, आणि दवाखाना मेडिकल कॉलेजचा असेल तर अधिष्ठाता. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, पैसे तिच्या खात्यावर भरता येतात. पावती घ्या, तुम्ही खजिनदार आहात.

सातमाशी-आठमाशी: आईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तसं काही नाही. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं फुफ्फुस पक्कं आणि तितकं बाळाचं चांगलं. आठमाशी बाळ सातमाशीपेक्षा कधीही बरं. पूर्वी दगावलेलं आठमाशी लोकांच्या लक्षात राहायचं, कारण ते जगेल अशी आशा असायची, असं मला वाटतं.

शेजारच्या आक्कांना सांगा, पोरगी आठ महिन्यांची धरायची नाही. 40 आठवड्यांऐवजी 31ला आली, म्हणजे नऊ आठवडे वजा करा. सहा महिन्यांच्या बाळानं रांगलंच पाहिजे असं कोण म्हणतं? दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणंच द्यायच्या, तिथं वजाबाकी नाही.

बालरोग_कराड:

सिस्टरांनी बहुतेक सगळं सांगितलंय. आकड्यांत भर घालतो, भाषणात उपयोगी पडेल. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अकाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2020 साली जगात अशी 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली, साधारण दहात एक. त्यातली 30 लाखांच्या आसपास एकट्या भारतातली.

कांगारूबद्दल: पूर्वी आम्ही बाळ स्थिर झाल्यावर, म्हणजे काही दिवसांनी ते सुरू करायचो. मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात मिळून एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग. 1 ते 1.8 किलोची 3211 बाळं. जन्मल्यावर लगेच, आईचा पलंगच अतिदक्षता कक्षात आणून कांगारू दिलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला. 2021 साली हे प्रसिद्ध झालं आणि 2022 मध्ये संघटनेनं शिफारसच बदलली: लगेच सुरू करा, दिवसाकाठी 8 ते 24 तास द्या. म्हणजे सिस्टर खुर्ची आणि पडदा मागताहेत ते फर्निचर म्हणून नव्हे.

गावात काय सांगायचं, तर माझ्या मते बाळ जन्मायच्या आधीचं सांगा. आठव्या महिन्यात किंवा त्याआधी पोट थांबून थांबून कडक होत असेल, पाणी जात असेल, अंगावर लाल जात असेल, डोकं ठणकत असेल, तोंडावर सूज असेल, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. 108ला फोन करा. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या असतील तर डॉक्टर तपासून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, 12 तासांच्या अंतरानं चार. त्यानं पोटातल्या बाळाचं फुफ्फुस लवकर पक्कं होतं. औषध स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात असतं. पण बाई बाळ बाहेर यायच्या बेतात असताना पोचली तर द्यायला वेळच उरत नाही. आणि अवघड बाळंतपण मोठ्या दवाखान्यात हलवायचं असेल तर बाळ पोटात असताना हलवावं. आईच्या पोटाइतकी चांगली ॲम्ब्युलन्स अजून कुणी बनवलेली नाही.

एक आपल्या भागाचं दुखणं: मिश्री. मुंबईत 1217 गरोदर बायकांवर झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणाऱ्या नव्हेत, तोंडात ठेवणाऱ्या बायकांचा, आणि त्यात बहुतेक मिश्रीवाल्या. त्यांच्यात अकाली बाळंतपण जास्त आणि बाळाचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी. मी ओपीडीत विचारतो, 'तंबाखू खाता का?' उत्तर येतं, 'छे!' 'मिश्री लावता का?' 'ती तर लावायचीच की.' आमच्याकडं मिश्री म्हणजे व्यसन नाहीच, दात घासायचं साधन.

वाईचा_बापू:

मी ड्रायव्हर माणूस, लिहायची सवय नाही. आम्हाला जुळी झाली, 33व्या आठवड्यात. दोन पोरं, आई एक, तिला टाके, ताप पण येत होता. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, वडील कोण? शर्ट काढून आत या. मला वाटलं इंजेक्शन देताहेत. आत बघतो तर माझी सासू, मावससासू आणि मी उघडाबंब. बाळ छातीवर ठेवलं, वरनं कापड गुंडाळलं, टोपडं घातलं. पहिल्या दिवशी भीतीनं हललो नाही, मान अवघडली. मग सवय झाली. मोठा माझ्याकडं, धाकटी आईकडं, मग अदलाबदल. वजन रोज सकाळी करायचे, माझ्यावाला जास्त भरला की मी बायकोला चिडवायचो.

डेपोत अजून मला कांगारू म्हणतात. म्हणू देत. पण हे बापानं करायचं असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या मंडळात सगळी पोरंच असतील. तुम्ही गावातल्या बायकांना जमवून सांगाल, त्यापेक्षा त्या पोरांना सांगा. आजीला, मावशीला, बापाला, सगळ्यांना करता येतं. फक्त हात धुवायचे, अंघोळ करून जायचं, आणि तंबाखू-बिडी पिऊन जायचं नाही. त्यापायी माझी तंबाखू सुटली.

द्राक्षवाला_तासगाव:

सिस्टर, डॉक्टरसाहेब, बापू, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, काय बोलू. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मिरजेची हाय का? मग खरं असंल.' मिरजेच्या दवाखान्यांवर तिचा आंधळा विश्वास आहे.

पण एक अडचण मोकळेपणानं सांगतो. पडदे आणि खुर्च्या म्हटल्यावर पोरांचा उत्साह मावळला. पेटी म्हणजे कशी, दिसते. एक जण म्हणाला, मंडळानं पडदे दिले असं सांगितलं तर शेजारचं मंडळ हसेल. वर्गणी गावाची आहे, गावाला काहीतरी दिसायला पाहिजे हेही खरं. आणि सिस्टर, घरी सोडल्यानंतरचं काय? आमची पोरगी घरी आली तेव्हा आम्ही सगळे भांबावलो होतो, त्या वेळी मदत करता येण्यासारखं काही आहे का?

जतची_आशा:

दादा, घरी सोडल्यानंतरचं मी सांगते, ते माझंच काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आम्ही तिसऱ्या, सातव्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी घरी जातो. बाळ आत असेल तर घरी आल्यावर जातो. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतून आलीय, डॉक्टर बंग पती-पत्नींनी तिथं गावातल्या बायकांना शिकवून बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, मग सगळ्या देशानं घेतली.

मी गेल्यावर काय बघते? वजन, अंगाचा ताप, पायाचे तळवे गार आहेत का, मिनिटाला श्वास किती. 60 किंवा जास्त असला, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध ओढायचं थांबलं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, की लगेच दवाखाना. बाळ 2 किलोचं होईपर्यंत अंघोळ नको, ओल्या कापडानं पुसायचं. आमच्याकडं बाजेखाली शेगडी ठेवून शेक-धुरी करतात, एवढ्याशा फुफ्फुसाला तो धूर सोसत नाही. गुटी नको, मध नको, नाका-कानात तेल नको, काजळ नको. एवढं सांगेपर्यंत आजीबाईंचं तोंड वाकडं झालेलं असतं. मग मी म्हणते, आजी, तुम्हीच घ्या बाळ छातीशी, तुमची ऊब शेगडीपेक्षा चांगली. लगेच घेतात. काढून घ्यायचं असेल तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. ऊसतोडीला जाणारी माणसं. आमच्या तालुक्यातून टोळ्या तुमच्याच बाजूला येतात, बीडकडनं येतात त्या वेगळ्या. सहाव्या-सातव्या महिन्यातली बाई मोळ्या उचलते. बाळ लवकर होतं, दवाखान्याच्या कार्डावर पत्ता लिहितात गावाकडचा, आणि बाळ असतं कारखान्याच्या तळावर पालात. मी गावात जाऊन बघते तर घराला कुलूप. तिकडच्या आशाताईंना माहीतच नसतं की आपल्या हद्दीत 1600 ग्रॅमचं बाळ आलंय. मुकादम काय कळवत नाही. मग डोळ्यांची तारीख चुकते.

मिरजेची_सिस्टर:

आशाताई, बरं झालं डोळ्यांचं बोललात. माझ्या लेखी या सगळ्यात सगळ्यात जास्त आरडाओरडा करावा अशी गोष्ट तीच, आणि मी पहिल्या उत्तरात दुधाच्या डब्यांवर सगळा राग काढून बसले.

खजिनदार, नीट वाचा. पोटात असताना बाळाच्या डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या हळूहळू पसरत असतात. बाळ लवकर बाहेर आलं की त्या अर्ध्यावर असतात आणि पुढं वेड्यावाकड्या वाढायला लागतात. ऑक्सिजन जादा झाला तर आणखी. वाढता वाढता पडदाच ओढून सुटतो आणि बाळ कायमचं आंधळं होतं. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ, टपोरा दिसतो. आई म्हणते, माझ्याकडं बघतंय की! म्हणून तपासणीला आणत नाहीत. ज्याचा जन्म 34 आठवड्यांच्या आत किंवा वजन 2000 ग्रॅमच्या खाली, त्याचे डोळे जन्मापासून 30 दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून बघितलेच पाहिजेत. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आजार वेळेत सापडला तर लेझर नाहीतर डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार धरलेला आहे, तेव्हा पैशाला घाबरून कुणी थांबू नये.

आणि ही तपासणी एकदा करून भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी यावं लागतं. तिथंच माणसं गळतात. जतहून मिरजेला यायचं म्हणजे बापाचा खाडा, आईचा खाडा, दोघांचं तिकीट, आणि एसटीच्या गर्दीत दोन किलोचं बाळ. एकदा येतात, डॉक्टर म्हणतात पुढच्या मंगळवारी या, आणि ती मंगळवारची ओळ रजिस्टरात कोरीच राहते. कानांची तपासणी पण अशीच राहून जाते.

तुमच्या गावात गाड्या किती? द्राक्षाच्या गावात दारात बोलेरो नाही असं घर दाखवा मला. मंडळाच्या पोरांनी डोळ्यांच्या तपासणीची गाडी सुरू करावी. कक्षातल्या सिस्टरांकडं आणि आशाताईंकडं चार पोरांचे फोन नंबर देऊन ठेवायचे. तारीख आली की घरातून आणायचं, तपासणी होईपर्यंत थांबायचं, परत सोडायचं. शिलकीतला निम्मा पैसा डिझेलला. गाडीत एसी बंद, गाणी बंद, बाळ आईच्या छातीशी बांधलेलं. सोबत गावकरी नकोत, आणि बाळाचा फोटो काढायचा नाही, टाकायचा तर नाहीच. हे तुमच्या पोरांना जास्त जड जाईल, मला माहिती आहे.

17 नोव्हेंबरला कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, टोळ्या उतरलेल्या असतात. चौकात भाषण ठेवण्यापेक्षा संध्याकाळी तळावर जा, बाया सहानंतर पालावर येतात. तुमच्या गावच्या आशाताईंना बरोबर घ्या. कुठल्या पालात गरोदर बाई आहे, कुठं छोटं बाळ आहे, एवढं जरी वहीत उतरलं आणि मुकादमाचा नंबर घेतला तरी जतच्या आशाताईंचं कुलूप उघडेल. डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं तिथं सांगा. मोळी उचलू नको असं मात्र नुसतं तोंडानं सांगू नका, तिची उचल फिटायची असते, तिला ते माहीत नाही असं नाही. मुकादमाशी बोला.

आणि दिसायला पाहिजे म्हणता ना? या दिवसाची जगभर एक खूण आहे. दोरीवर नऊ जोड नेहमीच्या बाळांचे पायमोजे आणि मध्ये एक इवलासा जांभळा जोड. दहात एक, म्हणून. आपल्याकडं पायमोज्यांचं कौतुक नाही, तुम्ही टोपडी लावा. चौकात, फ्लेक्सच्या जागी. नऊ मोठी आणि एक 1400 ग्रॅमच्या बाळाचं. गावातल्या कुणाला काय समजवायचं राहणार नाही. शेजारचं मंडळ हसलं तर त्यांना गाडीचा मंगळवार वाटून द्या.

विटेकर_पुण्यात:

डब्यांचं मागे घेतो. कायदा खरंच माहीत नव्हता. डिझेलसाठी माझ्याकडून पाच हजार, खाते क्रमांक कळवा. खुर्च्यांचं कोटेशन पुण्यातून काढून देऊ का?

द्राक्षवाला_तासगाव:

पुण्यातून नको, सांगलीत मिळतील, आणि आधी इन्चार्ज सिस्टरांना विचारणार.

काल रात्री बैठक झाली. डोळ्यांचं वाचून दाखवलं तेव्हा शांत बसून ऐकलं सगळ्यांनी. गाडीला सात पोरं तयार झाली, त्यातली दोन कमानवाली. भावजय म्हणाली, मंगळवारी मी पण जात जाईन, पहिल्यांदा येणाऱ्या बाईला आत काय करतात ते सांगायला कुणीतरी लागतं. पडद्यांना पण मंजुरी मिळाली. नाव कुठं टाकायचं यावर तासभर वाद झाला, शेवटी पडद्याच्या खालच्या काठावर बारीक अक्षरांत असं ठरलं. कबड्डीवाले अजून रुसलेत, त्यांचं बघू.

सिस्टर, आई आणि चुलती टोपडी शिवणार म्हणतात. नऊ मोठ्यांचं माप आहे त्यांना. लहानाचं द्या. आणि दवाखान्यातल्या बाळांसाठी पण शिवून दिली तर चालतील का? लोकरीची की सुती?

मिरजेची_सिस्टर:

चालतील काय, पळतील. 1400 ग्रॅमच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 28 सेंटीमीटर असतो, अर्धा-एक सेंटीमीटर सैल धरा. दवाखान्यासाठी 26 पासून 32 पर्यंत वेगवेगळी शिवा. सुतीच, दुहेरी कापडाची. जुन्या धुवट लुगड्याचं असेल तर सगळ्यात मऊ. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा, आतून टोचते. मणी, मोती, टिकल्या, गोंडा काही नको, हे आईंना दोनदा सांगा. बंद गळ्याखाली बांधायचे नकोत, कानांवरून खाली येईल एवढं खोल शिवलं की नुसतं बसतं. शिवून झाली की गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि स्वच्छ पिशवीत बांधून इन्चार्ज सिस्टरांच्या हातात द्या. ती वॉर्डात पुन्हा धुतलीच जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्या भावजयीला मंगळवारी येताना पोरीला पण घेऊन यायला सांगा. बाहेर बसलेल्यांना बघू दे.